तांबूचा गोठा

समुद्राकाठी एक गाव होतं. तिथे नाताळ आला की प्रत्येक आळी येशूजन्माचा देखावा उभारत असे. चर्चकडून स्पर्धा असे आणि दर वर्षी पहिला नंबर कैतान सुताराच्या आळीचा येई. कैतानचा हात कुशल होता. मान मात्र फार ताठ.

एका वर्षी कैतान म्हणाला, "येशू गोठ्यात जन्मला. या वेळी देखावा माझ्या गोठ्यातच करू."

गोठ्यात त्याची गाय होती, तांबू. गाभण होती, दिवस भरत आले होते. कैतानने तिला सोडलं आणि मागे फणसाखाली बांधलं.

त्याची बायको रेमेत म्हणाली, "अहो, गाईला बाहेर काढून गाईचा देखावा?"

"प्लास्टरची गाय आणलीय ना!"

"ती दूध देते?"

"नंबर देते," कैतान म्हणाला.

मग आळी कामाला लागली. थर्माकोलचे डोंगर झाले. चमकीचा झरा झाला. जमिनीवर प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलं.

रेमेत म्हणाली, "पूर्वी परातीत नाचणी पेरायचो. किती छान हिरवळ उगवायची!"

"नाचणी सुकते. हे कधीच सुकत नाही. आणि बघ, अगदी खरं वाटतं."

त्या गवताचे उरलेले तुकडे कैतानने मागे फेकून दिले. ते फणसाखाली जाऊन पडले.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी रेमेत पाणी घेऊन मागे गेली आणि ओरडलीच. तांबू मान ताणून उभी होती. तोंडातून लाळ गळत होती. पोट टम्म फुगलं होतं.

गुरांचा डॉक्टर आला. त्याने तांबूच्या घशात हात घातला आणि ओढून बाहेर काढला एक हिरवा बोळा. प्लास्टिकचं गवत. तांबू धाडकन खाली बसली.

"काय चारलंत हिला?" डॉक्टरने विचारलं.

कैतानने तो बोळा उचलून हातात घेतला. रेमेत म्हणाली, "अगदी खरं वाटतं म्हणाला होतात. तिलाही वाटलं."

डॉक्टर म्हणाला, "वाचेल. पण आता ती लांब चालणार नाही. उघड्यावरही ठेवू नका, दव पडतंय. कोरडी जागा द्या, खाली पेंढा द्या. आज-उद्यात व्यायची. हेळसांड केलीत तर गायही जाईल आणि वासरूही."

कैतान गोठ्याच्या दारात आला. आत देखावा झगमगत होता. आळीची पोरं शेवटचे तारे टांगत होती.

"उतरवा सगळं," कैतान म्हणाला.

"काका, वेड लागलं का? संध्याकाळी परीक्षक येणार!"

"येऊ देत."

"आपली आळी शेवटची येईल. खालच्या आळीची पोरं वर्षभर चिडवतील!"

"मला चिडवू देत. डोंगर मी केला, मीच मोडतो." आणि त्याने पहिला डोंगर स्वतःच्या हाताने उखडला.

मग पोरांनीही हात लावला. सगळं गोणीत भरलं, एक तुकडाही बाहेर ठेवला नाही. रेमेतने जाडसर पेंढा पसरला. चौघांनी आधार देत तांबूला आत आणलं.

संध्याकाळी परीक्षक आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "कैतान, सजावट कुठाय?"

"काढली. गाईला बाधली."

परीक्षक एकमेकांकडे बघत पुढच्या आळीत गेले. त्या वर्षी कैतानच्या आळीला नंबर मिळाला नाही. खालच्या आळीची पोरं खरंच चिडवत आली. कैतानने ऐकून घेतलं.

नाताळच्या सकाळी तांबू व्याली. वासरू लाल, कपाळावर पांढरा ठिपका. चर्चमधली मिस्सा-प्रार्थना संपवून माणसं घरी निघाली होती. बातमी कळली तशी सगळी कैतानच्या दारात जमली. चिडवणारी पोरं सर्वांत पुढे.

रेमेतने बाळयेशूची छोटी मूर्ती आणली आणि गव्हाणीत गवतावर ठेवली. सगळे हात जोडून उभे राहिले. तेवढ्यात तांबूने मान लांब केली आणि बाळाखालचं गवत ओढून खायला सुरुवात केली. मूर्ती कलंडली. कैतानने ती वरच्या वर झेलली.

पोरं खो खो हसली. कैतानलाही हसू आवरलं नाही. एका हाताने त्याने बाळाला छातीशी धरलं, दुसऱ्याने गवताची पेंढी पुढे सारली.

"खा गं बाई," तो म्हणाला. "घर तुझंच आहे. हा आपला पाहुणा."

तात्पर्य: ज्या मुक्या जिवांच्या घरी देव जन्मला, त्यांच्या जिवावर उठेल अशी सजावट त्याच्या सणाला करू नये.