कुंदाचा डुलक्या

वर्धा नदीच्या काठी एका गावात देवाजी नावाचा सुतार राहत होता. त्याच्या हातचे लाकडी बैल पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. त्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. त्या दिवशी गावातली लहान मुलं चाकांचे छोटे बैल सजवतात, दोरीने ओढत मिरवतात आणि घरोघरी खाऊ मिळवतात. देवाजीचा बैल ज्याच्या हाती, ते पोर मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चालायचं. म्हणून श्रावण लागला की त्याच्या अंगणात आईबापांची रांग लागे.

देवाजीला कुंदा नावाची एकच मुलगी होती. पाच वर्षांची, पण बोलणं मोठ्या बाईचं. त्या वर्षी देवाजीने तिच्यासाठी सागाचा एक तुकडा बाजूला काढून ठेवला होता. कुंदाने तो हातात घेऊन पाहिला आणि परत दिला.

"मले आयता नको," ती म्हणाली. "माहा बैल मीच करीन."

देवाजी हसला आणि कामाला लागला. कुंदा मात्र धावत आईकडे गेली.

तिची आई मंजुळा चुलीपाशी होती. बैल कशाचा करायचा, असं तिने कुंदालाच विचारलं. कुंदाने घरभर नजर फिरवली आणि आढ्याला टांगलेल्या वाळक्या भोपळ्याकडे बोट दाखवलं. भोपळा मंजुळाने बियांसाठी ठेवला होता. तिने बिया काढून घेतल्या आणि भोपळा लेकीच्या हवाली केला.

मग काय विचारता! घरात नुसती धांदल उडाली. दाणे काढलेली मक्याची कणसं आली, त्यांचे पाय झाले. शिंप्याकडून दोऱ्याची रिकामी रिळं आली, त्यांची चाकं झाली. चिंचेच्या झाडाखाली पडलेल्या दोन वाकड्या शेंगा कुंदाला दिसल्या आणि ती जागच्या जागी नाचायलाच लागली, कारण ती शिंगंच होती, फक्त कुणी अजून बैलाला लावली नव्हती. सीताफळाच्या बियांचे डोळे, अंबाडीच्या दोरीची शेपटी, आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाची झूल. मंजुळाने कणकेची खळ शिजवून दिली आणि भोपळ्याला भोकं पाडून दिली, कारण सुरी कुंदाच्या हाती द्यायची नव्हती. बाकी तिने कशालाही हात लावला नाही. शिंग गळून पडलं की ती एवढंच विचारायची, "आता कसं करायचं वं?" आणि कुंदा गाल फुगवून विचार करायची, पुन्हा खळ लावायची, नाहीतर चिंधीने बांधायची.

पोळ्याच्या दिवशी सकाळी बैल उभा राहिला. त्याचा एक पाय आखूड होता, त्यामुळे ओढला की तो उजवीकडे झुकायचा, मग डावीकडे. कुंदाने त्याचं नाव ठेवलं डुलक्या. तिने त्याला हळदीने रंगवलं, काजळाचा टिळा लावला आणि शेजारपाजारच्या प्रत्येक घरी नेऊन दाखवून आणलं. दुपारी मायलेकी नदीवर कपडे धुवायला गेल्या, तेव्हा डुलक्याला ओसरीवर सावलीत बांधून, त्याच्यापुढे गवताची काडी ठेवून गेल्या.

देवाजी जेवायला घरात आला आणि त्याने तो बैल पाहिला.

एक शिंग वर, एक खाली. पाय फेंगडे. खळीचे ओघळ पोटावर सुकलेले. देवाजीला पहिल्यांदा हसू आलं आणि मग लाज वाटली. उद्या गावातल्या पोरांच्या हाती त्याने घडवलेले देखणे बैल असणार, आणि खुद्द सुताराची लेक हे ओढत नेणार? लोक काय म्हणतील? पोरीलाही वाईट वाटेल, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

त्याने ठरवलं होतं की फक्त पाय सारखे करायचे. पण पाय उपसताना भोपळा तडकला. आता थांबण्यात अर्थ नव्हता. त्याने सागाचा तो तुकडा घेतला आणि पटाशी चालवायला सुरुवात केली. त्याचा हात असा काही लागला की जेवणाची शुद्धही राहिली नाही. डौलदार वशिंड उतरलं, मान उतरली, कमानीसारखी शिंगं उतरली. रंग दिला, गळ्यात घुंगरू बांधलं. एवढा सुंदर बैल त्याने पाटलांसाठीही कधी केला नव्हता. लेकीचा आनंद डोळ्यांपुढे आणून तो स्वतःच लहान मुलासारखा आतबाहेर करू लागला.

कुंदा नदीवरून धावतच आली. ओसरीवर चढली, थांबली. नव्या बैलाकडे तिने पाहिलं, मग त्याच्या मागे पाहिलं, मग खांबाआड.

"बाबा, हा कोणाचा?"

देवाजी म्हणाला, हा तुझाच. बघ किती सरळ चालतो.

"अन् माहा डुलक्या कुठी हाय?"

देवाजीने पुन्हा सांगितलं की हाच डुलक्या, आता चांगला झालाय. कुंदाने बैल उचलला. पोटाखाली पाहिलं, पाय चाचपले, शेपटी हुंगली. मग तिने तो दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा जपून खाली ठेवला. ती रडली नाही. भुशाच्या ढिगात बसून तिने चिंचेच्या शेंगा शोधल्या, भोपळ्याचे तुकडे गोळा केले आणि सगळं फ्रॉकच्या ओच्यात घेऊन आत निघून गेली.

त्या दिवशी घरात पुरणपोळी होती. कुंदाने तोंडात घास घेतला नाही. उद्या मिरवणुकीला जाणार नाही, असं तिने सांगून टाकलं. मंजुळा नवऱ्याला रागावून काही बोलली नाही. तिने फक्त सांगितलं की शेजारच्या प्रत्येक घरात पोरगी हा पाय मी लावला, हे शिंग मी बांधलं असं सांगत फिरली होती. उद्या त्यांना ती काय सांगणार?

लेकीला खुश करायला गेलो आणि तिचं हसूच काढून घेतलं, हे देवाजीला समजलं आणि फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो कामाला बसला. तसाच डुलक्या परत करून द्यायचा, असा त्याने चंग बांधला होता. त्याने कणसं आणली, रिळं आणली. पण हात सवयीचे. वाकडा पाय करायला गेला की तो सफाईने वाकडा होई. बैल बैलासारखा दिसे, डुलक्यासारखा दिसेना. शेवटी त्याने सगळं बाजूला सारलं, घरात गेला आणि लेकीपुढे मांडी घालून बसला.

"कुंदे, माह्याच्यानं होत नाही," तो म्हणाला. "तू कर. मी तुह्या हाताखाली राहतो."

कुंदाने विचारलं, मी सांगीन तेवढंच करशील? त्याने मान हलवली.

आणि घरात पुन्हा धांदल उडाली. भोपळा तर फुटलेला. धड कशाचं करायचं? कुंदाला कोपऱ्यात एक जुनी दुरडी दिसली. पालथी घातली तर पाठच झाली की! बांबूच्या विणीतून दोरी ओवता येत होती, म्हणजे पाय नुसते बांधायचे. भोपळ्याच्या मोठ्या तुकड्याचं डोकं झालं. ती हुकूम सोडू लागली. बाबा, सुतळी. बाबा, खळ. बाबा, इथं भोक. देवाजी पळत होता, आणत होता, भोक पाडून देत होता आणि मागे सरकत होता.

मागे सरकणंच कठीण होतं. पाय तिरका बसला, त्याचा हात पुढे गेला. गाठ सैल बसली, त्याचा हात पुढे गेला. अखेर तो आपले दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसला. कुंदा ते पाहून खो-खो हसली, कालपासून पहिल्यांदाच.

तेवढ्यात पाटलांचा माणूस घाईघाईने आला. पाटलांच्या नातवाच्या मोठ्या बैलाचं चाक निखळलं होतं. मिरवणूक तर तोंडावर आली होती. पाटील म्हणजे देवाजीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. एरवी तो जेवणावरून उठून गेला असता.

"बसा थोडं," देवाजी शांतपणे म्हणाला. "आज मी कुंदाच्या हाताखाली आहे. तिनं सोडलं की येतो."

माणूस चकित झाला, पण बसला. कुंदाने शेवटची गाठ मारली, बैलापुढे तोंड नेऊन त्याला नीट न्याहाळलं आणि मोठ्या मनाने बापाला सुट्टी दिली. पाटलांचं चाकही वेळेवर बसलं.

दुपार कलली. सागाचा बैल ओसरीवरच राहिला. ताशे वाजू लागले. वेशीत बांधलेल्या तोरणाखाली पोरांची दाटी झाली. रंगीत, घुंगरांचे, झुलींचे बैल, आणि त्यांच्यात दुरडीचा एक बैल, डावी-उजवीकडे झोकांड्या खात निघालेला. काही मोठी माणसं तोंडाला हात लावून हसली. कुंदाचं तिकडे लक्षच नव्हतं. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, पाठ दुरडीची आहे, शिंगं चिंचेची आहेत, बाबांनी भोकं पाडली.

चावडीपाशी रस्ता खडबडीत होता. दगडाला अडकून बैलाचा पुढचा पाय निघाला आणि बैल तोंडावर पडला. हसण्याची लाट उठली. देवाजी गर्दी सारत धावला आणि लेकीपासून हातभर अंतरावर थांबला.

कुंदा रस्त्यातच उकिडवी बसली. तिने पाय उचलला, सुतळी दातात धरली, विणीतून ओवली, दोन वेढे दिले आणि गाठ आवळली. मिरवणूक खोळंबली होती. ताशेवालेही वाजवायचे थांबून बघत होते. तिने बैल उभा केला, दोरी ओढली. बैल डुलला, झुकला आणि चालू लागला. ताशा असा काही कडाडला की पोरं उड्याच मारू लागली.

बक्षीस पाटलांच्या नातवाच्या बैलाला मिळालं. तो घडवणाऱ्या देवाजीचं नाव पुकारलं गेलं, पण तो तिथे नव्हता. कुंदा घरोघर खाऊ मागत फिरत होती आणि तो तिच्यामागून तिची पिशवी धरून चालला होता. कुणी बैलाबद्दल विचारलं, तर तो म्हणे, मला काय विचारता, तिला विचारा.

पुढच्या श्रावणात देवाजीच्या अंगणात आईबापांबरोबर त्यांची पोरंही येऊन बसली. कुणाजवळ फुटकी परडी, कुणाजवळ नारळाची करवंटी, कुणाजवळ नुसतीच चिंध्यांची गाठोडी. देवाजी भोकं पाडून देई. पुढे सरसावणाऱ्या बापाला शेजारी बसवून घेई आणि तळवे मांड्यांखाली कसे दाबायचे, ते आधी शिकवी.

तात्पर्य: लेकरासोबत काही करायला बसाल तेव्हा हवं ते हाताशी द्या, धारदार हत्याराचं काम आपण करा आणि बाकीचं त्याच्यावर सोडा. आपण सुबक करून दिलेली वस्तू त्याच्या घरात राहते. त्याने स्वतः केलेली वेडीवाकडी वस्तू त्याला मोडलेलं पुन्हा जोडायला शिकवते.