विचारण्याचा शुक्रवार

त्या मेणबत्त्या पिशवीतच ठेवा. वेलंगीच्या टेकडीवर मेणबत्ती लावत नाहीत, हार घालत नाहीत आणि नवस तर बोलतच नाहीत. तुमच्यासारखी मंडळी गाडी भरून येतात, या साध्या लाकडी क्रूसाकडे बघतात आणि मला विचारतात, "बावतीसमामा, इथे चमत्कार कोणता झाला?" कोणताच नाही, असं सांगितलं की तोंडं उतरतात. देव नसला तरी चालेल, चमत्कार हवा. पण तुम्हाला नावं ठेवून काय करू? आमचे पूर्वज तुमच्याहून वाईट होते.

फार जुनी गोष्ट. त्या काळी हा क्रूस रडायचा, असं सांगतात. आडव्या लाकडाखालून पाण्याचे थेंब टपकायचे. ते वाटीत धरून लोक आजाऱ्याला पाजायचे. गावोगावची माणसं इथे गुडघ्यांवर टेकडी चढायची. क्रूसाची राखण नताल रुमाव नावाच्या माणसाकडे होती. गावात फादरच्या खालोखाल मान त्याचाच. थेंब कधी पडणार हे नतालला आधी कळायचं म्हणे, आणि हे ऐकूनही कुणाला नवल वाटायचं नाही. अर्ध्या गावाला काय ते ठाऊक होतं, उरलेल्या अर्ध्याला ठाऊक करून घ्यायचं नव्हतं.

त्याच गावात रोजा तुस्कानो राहायची. नवरा होडीसकट समुद्रात गेलेला. फिलू नावाची एक मुलगी, तेवढंच तिचं जग. रोजा भोळी होती. चर्चमध्ये सगळ्यांत पुढे बसणाऱ्या बायांपेक्षा तिचा देवावर जास्त भरवसा होता, कारण पुढे बसणाऱ्या बायांना देवाची तेवढी गरज नव्हती.

फिलूला ताप चढला. खाडीपलीकडे एक चांगला वैद्य होता. रोजा होडी मागायला गावकऱ्यांकडे गेली. त्यांनी तिलाच विचारलं, "क्रूसाचं पाणी दारात असताना वैद्य कशाला? देवावर विश्वास नाही का तुझा?" रोजा शरमली. परत आली, टेकडी चढली, वाटीत थेंब धरून आणले आणि पोरीला पाजले. ताप उतरेना, तसे आणखी आणले. फिलू गेली.

मातीच्या वेळी नताल सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "पाणी खरं होतं, बाई. तुझा विश्वास कमी पडला."

हे वाक्य आमच्या गावाने बोललेलं सर्वांत हलकट वाक्य आहे. तरी तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या, असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात रोजाने माडावर चढायची शिडी उचलली, ती क्रूसाला लावली आणि वर गेली. आडव्या लाकडाच्या मागे पोकळी कोरलेली होती. तिच्यात पाण्याने भरलेली करवंटी, आणि करवंटीतून खाली सोडलेली चिंधीची वात. रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे उपासना, संपल्यावर तिने ती करवंटी सगळ्यांपुढे ठेवली.

तुम्हाला वाटेल, लोक नतालवर धावून गेले असतील. छे. नतालला कुणी एक शब्द विचारला नाही. रोजाला मात्र विचारलं, "तुला वर चढायची गरज काय होती?"

तिला विहिरीवर पाणी भरू देईनात. लग्नाकार्यात तिला बोलावणं बंद झालं. फादरने तिला बोलावून सांगितलं, शंका हे पाप आहे, गुडघे टेक आणि माफी माग. रोजा म्हणाली, "फादर, माझी पोर गेली. मी कशाची माफी मागू?" त्यानंतर तिने चर्चची पायरी चढणं सोडलं.

टेकडी मात्र सोडली नाही. रोज यायची, क्रूसासमोर उभी राहायची आणि भांडायची. तू आहेस की नाहीस? असलास तर त्या दिवशी कुठे होतास? नसलास तर मी कुणाशी बोलते आहे? खाली गावात लोक हसायचे. तिच्या डोक्यावर परिणाम झाला, असं ठरवून टाकलं की त्यांना बरं वाटायचं. पण सगळ्या वेलंगीत देवाशी मनापासून बोलणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. बाकीचे तोंडपाठ म्हणत होते.

अशी काही वर्षं गेली. मग एका गुड फ्रायडेला, गाव चर्चमध्ये असताना, रोजा इथे एकटी उभी होती. भांडता भांडता ती थबकली म्हणे. तिच्या मनात आलं, देवाचा हा लेक क्रूसावर टांगलेला होता तेव्हा याची आई खाली उभी होती. तिचं पोर तिच्या डोळ्यांसमोर मेलं. तिला कुणी म्हणालं का, मरिये, तुझा विश्वास कमी पडला? आणि यानेसुद्धा शेवटी बापाला विचारलंच की, मला का सोडून दिलंस म्हणून. त्यालाही उत्तर मिळालं नव्हतं.

रोजा खाली बसली आणि फिलू गेल्यापासून पहिल्यांदा रडली. आकाशातून आवाज आला नाही, उजेड पडला नाही. गोष्ट इथे आली की बरीच पाहुणे मंडळी घड्याळ बघतात.

ती उतरून घराकडे चालली होती, तेव्हा नतालच्या दारात माणसं जमलेली दिसली. त्याच्या नातवाला, अंतोनला, ताप चढला होता. पोर निपचित पडलेलं, आणि नताल उंबऱ्यावर हातपाय गाळून बसलेला. त्याच्या पाण्याची किंमत त्याच्याइतकी कुणाला ठाऊक होती? वैद्याचं नाव काढायची मात्र एकाचीही छाती होईना. इतकी वर्षं दुसऱ्यांना जे सांगितलं, ते आता गिळायचं कसं?

रोजाने कुणाला विचारलं नाही. पोर खांद्यावर टाकलं आणि खाडीकडे निघाली. ओहोटी होती, होड्या चिखलात रुतलेल्या. कमरेएवढ्या गाळातून ती पलीकडे गेली. मागून, बऱ्याच मागून, नतालही आला.

वैद्याने पोर वाचवलं. अंगणात बसलेल्या रोजाला नतालने विचारलं, "तू हे का केलंस? तुझा तर देवावर विश्वास राहिला नाही."

"असं मी कधी म्हटलं, नतालकाका? मी त्याला विचारत होते."

"मग दिलं का त्याने उत्तर?"

"नाही. पण आता मी एकटी विचारत नाही. तोही माझ्या बाजूने विचारतो आहे."

परत आल्यावर नतालने गावासमोर सगळं कबूल केलं आणि रिकाम्या हातांनी टेकडी चढला. रोजानंतर इथे देवाला प्रश्न विचारणारा पहिला माणूस तोच. काय विचारलं, ते कुणाला माहीत नाही. त्याच्यामागून हळूहळू एकेक जण येऊ लागला. सर्वांत शेवटी फादर आला.

आजही गुड फ्रायडेला सगळी वेलंगी रिकाम्या हातांनी इथे येते. प्रत्येकाने क्रूसाला हात लावून एक प्रश्न विचारायचा, मोठ्याने. फादरनेही विचारायचा, उत्तर द्यायचं नाही. आपल्याला काहीच शंका नाही असं जो म्हणतो, त्याने वर यायचं नाही. त्याने खाली बसून सगळ्यांच्या चपला राखायच्या. मागे शहरातले एक मोठे प्रवचनकार आले होते, ते दुपारभर तिथेच बसले.

आणि वर्षभरात गावात कुणा बाईचं मूल गेलं असेल, तर पहिली पाळी तिची. ती ओरडते, शिव्या देते, कधी नुसतीच उभी राहते. तिचं होईपर्यंत उन्हात सगळे थांबतात. तिला कुणी समजावत नाही, आणि ती मागे फिरेपर्यंत फादरसुद्धा आमेन म्हणत नाही.