शेवटच्या धड्यापासून

“पुस्तक कुठल्या बाजूनं उघडायचं हेसुद्धा ज्यांना कळत नाही, त्यांना अरबी शिकवायची तरी कशी, उस्ताद?”

शुऐब सारंग तावातावानं विचारत होता. विद्यापीठात अरबीत पहिला आलेला पोरगा. त्याची ऐट खाडीच्या पलीकडूनही दिसायची! तो शाळेत नुकताच अरबी शिकवू लागला होता, आणि शिकवायचं कसं हे दाऊदसाहेब खतीब या जुन्या उस्तादांकडून शिकत होता.

उस्ताद सुपारी कातरत होते.

“काय करतात मुलं?”

“अरबी पुस्तक उजवीकडून सुरू होतं. ही मराठी शाळेतली पोरं डावीकडून उघडतात. रोज आपला शेवटचा धडा समोर! मग मी उभं करतो.”

“किती जणांना?”

“अर्ध्या वर्गाला.”

“आणि शिकवतोस केव्हा?”

शुऐब खाली सांडलेले सुपारीचे तुकडे गोळा करू लागला.

मुलं एकेक करून अरबी सोडत होती. आणखी थोडी गळाली की शाळा तो तासच बंद करणार होती, आणि शुऐबची नोकरी त्या तासावरच होती. वरून कितीही ऐट असो, रोज हजेरीतली नावं मोजत होता बिचारा.

“उद्या येतो वर्गात,” उस्ताद म्हणाले. “तुझी परीक्षा तिथंच.”

दुसऱ्या दिवशी ‘पुस्तकं उघडा’ म्हणायचा अवकाश, निम्म्या वर्गानं डावीकडून उघडली. परीक्षेच्या दिवशीसुद्धा! शुऐबचा पारा चढला. तो ओरडणार, तोच मागच्या बाकावरून उस्ताद उठले.

त्यांनी त्याच्या हातातलं पुस्तक घेतलं. शेवटचा धडा काढून परत हातात दिलं.

“हा घे.”

“उस्ताद, हा निरोपाचा धडा! यांना अजून अलिफ-बे धड येत नाही...”

“घे म्हटलं ना.”

शुऐबनं घाम पुसला. धड्यात चित्र होतं. धक्का, सुटलेली बोट, हात हलवणारी माणसं. तो पडेल आवाजात म्हणाला, “मअस्सलामा. म्हणजे... निरोप घेताना म्हणायचं.”

“अय्या, सर!” सबिना हुर्झुक टुणकन उठली. “माझे अब्बा फोन ठेवताना असंच म्हणतात! मस्कतला त्यांचा शेठ म्हणतो ना, त्याची नक्कल!”

“माझा काका पण!” तन्मय मयेकर ओरडला. “दोहाला बोटीवर आहे तो!”

झालं! बाकीच्यांनी भराभर पुस्तकं उलटली. कोणी बोट झालं, कोणी धक्का. कोणी खोटं खोटं रडलं. हात हलवत सगळी ‘मअस्सलामा’ ओरडू लागली. बोटीवर आणखी काय म्हणतात, सर? पाणी कसं मागायचं? काकाला ‘लवकर ये’ कसं म्हणू?

शुऐब सांगत सुटला. कधी टेबलावर चढून खलाशी झाला, त्याचं त्यालाही कळलं नाही. इतकं हसू त्याला कैक महिन्यांत आलं नव्हतं.

घंटा झाली.

पोरं दारापर्यंत गेली, ‘मअस्सलामा’ म्हणाली आणि पुन्हा आत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली...

शुऐब धापा टाकत टेबलावरून उतरला. केस विस्कटलेले, सदरा खडूनं पांढरा.

“उस्ताद... मी पास की नापास?”

उस्तादांनी काठी उचलली. चपला पायांत सरकवल्या.

“निरोप शिकवलास आणि एक पोर हललं नाही. मीच निघतो आता.”