राहीच्या ताऱ्याची नावे

हाक मारली आणि ओ आली नाही, तर ती हाक जाते कुठे?

एका राज्यात गेनू नावाचा तरुण नावाडी हेच दारोदार विचारीत फिरे. उत्तर कोणी देत नसे. त्याची थोरली बहीण राही लोकांना पार उतरवता उतरवता पुरात गेली, आणि नदीवर तारा होऊन उगवली.

त्या राज्याची रीत अशी, की ज्याच्यावर ताऱ्याचे उपकार, त्याने ताऱ्याला आपले नाव द्यावे. धनगर तिला कोकरूतारी म्हणत, कुंभार घटराखीण म्हणत, वाट चुकलेले घरदावी म्हणत. दर नावासरशी तारा उजळे.

दरबारी कज्जल मांत्रिक होता. तो म्हणाला, "महाराज, एक तारा, एक नाव. राजतारा!" राजाला ते गोड वाटले. कज्जलाने बाकीची नावे लोकांच्या जिभेवरून उचलून लपवली. तारा रोज थोडा थोडा खाली येऊ लागला. पाण्याला टेकला की विझणार.

नदीकाठची टिटवी गेनूला म्हणाली, "तीन नावे सोडव. एक दगडी माशाच्या पोटात, एक जळत्या झाडाच्या ढोलीत, एक कज्जलाच्या मुठीत."

"निघालो."

"शिदोरी तरी घे, वेड्या!"

तो केव्हाच निघाला होता.

माशाला त्याने ओंजळीने पाणी पाजले. मासा वळवळला, नाव बाहेर पडले. झाडाच्या ढोलीत त्याने उघडा हात घातला. हात भाजला, नाव मिळाले. मग तो कज्जलापुढे उभा राहिला.

"भाजक्या हाताने लढणार होय रे?" कज्जल हसला.

"लढत नाही. विचारतो. तुझ्या आजारी आईला भर पुरात वैद्याकडे कोणी नेले?"

कज्जलाची मूठ आपोआप सुटली.

नावे ज्याच्या त्याच्या जिभेवर परतली. काठावर हाका उठल्या. तारा थांबला, पण वर चढेना.

"तुझे नाव राहिले," टिटवी म्हणाली.

"मी नाही हाक मारणार. ओ आली नाही तर?"

तारा पाण्यावर वीतभर उरला होता.

"आक्के!" गेनू ओरडला.

ओ आली नाही. पण तारा उठला आणि इतका वर चढला, की पैलतीर उजळला. कज्जलाचा मंत्र सुटला. राजाने आपला हुकूम मागे घेतला आणि ज्याचे नाव त्याला राहिले.

त्या राज्यात निरोप देताना कोणी 'जा' म्हणत नाही. गेनूने भाजका हात वर केला.

"लई केलंस गं आमच्यासाठी," तो म्हणाला. "ये आता."