चुलीवरचा हात

समुद्र आजच्यापेक्षा दोन शेतं मागे होता, तेव्हाची ही गोष्ट. खाडीकाठच्या सागवडे गावात सिपोराबाई नावाची तेलीण राहायची. ती बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली यहुदी. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं.

ती लहान असताना तिच्या बापाने प्रार्थनालयाच्या पायरीवर तांदूळ मागितले होते. मिळाले, पण चारचौघांदेखत. बापाचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं. ते तांदूळ त्याने खाल्ले नाहीत, की पुन्हा कधी ती पायरी चढला नाही. माणसाला लाजवणं म्हणजे त्याचं रक्त सांडणं, असं त्यांचे धर्मगुरू, काजी, पोथीतून वाचून सांगायचे. सिपोराने ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

मोठी झाल्यावर तिने प्रार्थनालयामागच्या बिनखिडकीच्या खोलीत तांदळाचा रांजण ठेवला. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विसाव्याचे, दिवे लागायच्या आधी प्रत्येक घरातल्या एकाने एकट्याने आत जायचं. ज्याच्याकडे आहे त्याने घालावं, ज्याला हवं त्याने घ्यावं. तांदळाचं फडकं जातानाही कपड्याआड, येतानाही कपड्याआड. कोणी घातलं, कोणी घेतलं, देवाला ठाऊक.

"आणि अंधारात साप चावला, तर पुण्य कोणाला?" हसाजी तेल्याने विचारलं.

"सापाला," सिपोरा म्हणाली.

मग एका वर्षी खाडीचा बांध फुटला. खारं पाणी भातशेतांत शिरलं ते बाहेर निघेना. तीन वर्षं सागवड्यात लोंबी धरली नाही. पण रांजण काही आटला नाही, असं म्हणतात. लोक आत जात, ओंजळ भरून घेत आणि मनात म्हणत, अजून कोणीतरी घालतंय. पुढे तर म्हणू लागले, देवाचा प्रेषित एलियाहू हनाबीच येऊन भरून जातो.

सिपोरा ऐकायची. दर शुक्रवारी ती सगळ्यांच्या शेवटी आत जायची.

"शेवटी का गं जातेस? रांजण पुसायला?" बायका चिडवायच्या.

"हो. तुमच्या बोटांचे ठसे राहतात ना!"

डोंगराकडच्या गावांचे तीळ ती गाळून द्यायची आणि मजुरीचे तांदूळ रांजणात ओतायची. दुसऱ्या वर्षी बैल मेला. तिने जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. घाण्याची कुरकुर तीन गावं ऐकू जायची, आणि भिंतीवर तिची सावली बैलाची पडायची, असं म्हणतात. सांगावं का कोणाला, असं तिच्या मनात यायचं. पण एकाला सांगितलं की साऱ्यांना कळणार, आणि गावातलं प्रत्येक तोंड तिच्या बापाच्या तोंडासारखं होणार. ती गप्प राहिली.

तिसऱ्या वर्षी डोंगराकडेही तीळ झाला नाही. घाणा थांबला. घरात होतं नव्हतं ते तिने रांजणात घातलं. मग एका शुक्रवारी ती रिकामं फडकं घेऊन आत गेली. घ्यायला. आयुष्यात पहिल्यांदा. हात कोपरापर्यंत आत गेला, खांद्यापर्यंत गेला. तळाशी एक ओंजळ उरली होती.

तेवढ्यात बाहेर कोणीतरी खोकलं. आज तिच्याही मागे एकजण होती, ओली बाळंतीण मल्काबाई.

सिपोरा बाहेर आली. फडकं पदराखाली होतं.

"संपलं का गं, बाय?" मल्काने हळूच विचारलं.

"आहे. जा तू."

शब्बाथ संपला तरी तिचं दार उघडलं नाही. लोकांनी ढकललं. ती घाण्याला टेकून बसली होती. चुलीच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं, आणि ते कुठे तुटलेलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी पहिल्या बाईने रांजणात हात घातला आणि तिच्या बांगड्या तळाच्या मातीवर वाजल्या. दुसरीच्याही वाजल्या. तिसरीच्याही. तो आवाज खाडीपलीकडे ऐकू गेला, असं म्हणतात. तेव्हा गावाला कळलं. त्या दिवशी सगळ्यांची तोंडं पांढरी पडली. जे होऊ नये म्हणून ती मेली, तेच झालं.

"दान मरणातून सोडवतं म्हणता ना, काजी? मग हिला का नाही सोडवलं?" हसाजी ओरडला.

काजी रांजणाकडे वळले. मग म्हणाले, "सोडवलं. आपल्याला."

उत्तर खरं होतं. पण त्याने कोणाला घास गोड लागला नाही.

तेव्हापासून सागवड्यात रीत पडली. शुक्रवारी खोलीत एकेकट्याने जायचं, आणि मग एका बाईने घरोघरी मागच्या दाराने शिरून चुलीवर तळहात ठेवायचा. ऊन लागली तर पुढे जायचं. गार लागली तर न बोलता पेटवायची.

आता गावातली बेने इस्रायल घरं ओस पडली. माणसं दूर देशी गेली. उरल्या त्या दोघी म्हाताऱ्या बहिणी, दिनाबाई आणि हन्नाबाई. अजूनही शुक्रवारी एक आत जाते, बाहेर येते. मग दुसरी जाते. कोणी घातलं, कोणी घेतलं, एकमेकींना विचारत नाहीत. दिवे लागायच्या आधी शेजारची आगरी सून, जानकी, मागच्या दाराने येते. जेवलात का, असं ती विचारत नाही. पोट भरल्याचं खोटं माणूस सहज सांगतं, हे या गावाला ठाऊक आहे.

ती चुलीवर हात ठेवते.