टिळेवाले पिल्लू

पूर्वी वेत्रावती नगरात सुभद्रसेन राजाचे राज्य चालू असताना बोधिसत्त्व राजोद्यानात दयाळ पक्षी होऊन जन्मला. रोचना नावाच्या मादीशी त्याचा जोडा जमला आणि दोघांनी जुन्या आंब्याच्या ढोलीत घरटे केले.

यथाकाल पिल्ले झाली. पिसे फुटू लागली तेव्हा एकाच्या कपाळावर पांढरा टिळा उमटला. तसा टिळा साऱ्या उद्यानात फक्त ओढ्यापलीकडच्या पिंगल दयाळाला होता.

शेजारच्या फांदीवरची साळुंकी बोधिसत्त्वाला म्हणाली, "अहो, चोच झिजवता तुम्ही आणि वंश वाढतो पिंगलाचा!"

रोचनेने मान खाली घातली. "तिचे म्हणणे खरे आहे. मला घालवून द्या, पण पिल्लाला उपाशी ठेवू नका."

बोधिसत्त्वाला ते फार लागले. उन्हाळा कडक होता, किडे मिळेनासे झाले होते आणि त्याच्या चोचीत एकच अळी होती. पिल्लांनी चोची उघडल्या. टिळेवाले सर्वांत अशक्त होते, त्याची मान लटपटत होती. बोधिसत्त्वाने अळी त्यालाच भरवली.

"अहो, आधी कुळ तरी विचारा!" साळुंकी ओरडली.

"उघडी चोच दिसली की घास घालावा. कुळ पोट भरल्यावर विचारू."

पिल्लाने अळी गिळली आणि डोळे मिटले.

"भरले ना पोट? विचारा आता."

"आता ते झोपले आहे," बोधिसत्त्व म्हणाला.

साळुंकीलाही हसू आवरेना. बोधिसत्त्व रोचनेला म्हणाला, "चल, बाकीची भुकेली आहेत." दोघे बरोबरच उडाली.

पिल्ले मोठी झाली. एका सकाळी टिळेवाल्याने शेंड्यावर बसून पहिली तान घेतली. ती हुबेहूब बोधिसत्त्वाची तान होती. माळी हातातले काम ठेवून ऐकत राहिले, आणि आनंदाच्या भरात बोधिसत्त्वाने तिला साथ दिली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, उत्तरक नावाच्या गृहस्थाला सांगितली. मुलगा आपला नसावा या संशयाने उत्तरकाने त्याला जवळ घेणे सोडले होते. शास्ते म्हणाले, "त्या वेळची रोचना आज भिक्षुणी सुमेधा आहे, साळुंकी तुझी शेजारीण. तो दयाळ मी होतो. आणि उत्तरका, टिळेवाले पिल्लू तू होतास."

उत्तरकाने दाराशी उभ्या मुलाला उचलून कडेवर घेतले.

हीच मैत्री पारमिता, आपपर न पाहता माया करण्याची पूर्णता.