ठकूची उलटी पावलं

फार वर्षं झाली, किती ते सांगणारं आता कोणी उरलं नाही, वेळूसरे गावात ठकू नावाची गुरवीण राहायची. तिचा हात लागल्याशिवाय गावातलं एकही देवघर सजत नसे. भिंतीला गेरू तिचा, त्यावरची चुन्याची वेल तिची, आंब्याच्या पानांचं तोरण तिचं. आणि भाद्रपदात गौरी यायच्या दिवशी उंबऱ्यापासून देवघरापर्यंत पावलं काढायची तीही तिनंच. कालवलेल्या तांदळाच्या पिठात मूठ बुडवायची, जमिनीवर टेकवायची, वर पाच बोटं उठवायची, की झालं गौरीचं पाऊल. असं म्हणतात, की घरातलं मांजरसुद्धा त्या पावलांना वळसा घालून जायचं.

म्हातारपणी ठकूचे डोळे गेले, पण हात गेला नाही. ती उंबऱ्याशी बसायची आणि बसल्या बसल्या आत सरकत जायची. पावलाची बोटं नेहमी आपण जातो त्या दिशेला काढायची. एवढं धरून ठेवलं की चूक होत नाही, असं ती म्हणे.

त्या साली ती कृष्णाजी पाटलांकडे गेली, तर घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. दोनच दिवसांपूर्वी पाटलांची लेक गजरा सासरचा मार सोसवेना म्हणून एकटी चालत माहेरी आली होती. पाटील दारात आडवे उभे राहिले. "बोलावल्याबिगर आलेली लेक माझ्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाई," म्हणाले. गजरा मागं फिरली. ती कुठे गेली कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि तिचं नाव काढायचं नाही अशी घराला ताकीद होती. काय म्हणावं अशा माणसाला! गौर घरी आणायची, आणि गौर म्हणजे तरी कोण? माहेरी आलेली लेकच की.

ठकूला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं देवघराला तोरण बांधलं. पाटलीण आवडाबाईंनी पिठाची वाटी तिच्या हातात दिली.

"का वं पाटलीणबाई, गजरा न्हाई आली औंदा?" ठकूनं सहज विचारलं.

आवडाबाईंनी तिच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. "पोर जिती हाय का न्हाई, त्ये बी ठावं न्हाई," म्हणाल्या आणि तोंडात पदर कोंबून आत पळाल्या.

ठकूच्या काळजाचं पाणी पाणी झालं. गजराच्या बारशाला हेच देवघर तिनं सजवलं होतं. उंबऱ्याशी जाऊन बसायचं तिला सुचलंच नाही. होती तिथेच, देवापुढे बसली, मूठ बुडवली आणि पुढे सरकू लागली. बोटं आपण जातो त्या दिशेला. उंबऱ्याशी वाटी संपली, तशी उठून ती घरी गेली.

तिसऱ्या प्रहरी सवाष्णी गौर घेऊन अंगणात आल्या आणि तुळशीपाशीच थबकल्या.

"पाटील, पावलं तर भाईर चालल्यात. आमी गौर आत कशी आणू?"

पाटील भडकले. ओलं फडकं घेऊन स्वतःच पुसायला बसले. पण पुसावं तसं पाऊल अधिकच पांढरं दिसू लागलं, असं म्हणतात. तेवढ्यात एकीचं लक्ष गेलं. पावलं उंबऱ्याशी थांबली नव्हती. तुळशीवरून, गल्लीतून, पार वेशीकडे गेली होती. ठकूची वाटी तर उंबऱ्याशीच संपलेली. मग ही काढली कोणी? ते अजून कोणाला सांगता आलेलं नाही.

पाटलांचा राग गळाला. बघावं तरी, म्हणून ते पावलांमागून निघाले. त्यांच्यामागे गौर आणि गौरीमागे अख्खं गाव. वाटेतल्या ओढ्याच्या वाहत्या पाण्यावरही पावलं होती म्हणतात. मी काही पाहिलेली नाहीत. पण ती पाटलांच्याच खळ्यावरच्या खोपीत शिरली, हे मात्र सगळे सांगतात. खोपीत गजरा तापानं फणफणत पडली होती. दोन दिवस पोटात अन्न नव्हतं.

"आबा, म्या उंबरा वलांडला न्हाई," बापाला बघून ती घाबरून म्हणाली. "खळ्याला उंबरा नसतो, म्हनून हितं ऱ्हायले."

पाटील सगळ्या गावादेखत ढसाढसा रडले. मग त्यांनी लेकीला पाठीवर घेतलं. ते चालत गेले तसं एकेक पाऊल फिरत गेलं. देवघराशी पोचेपर्यंत सगळी बोटं आत वळली होती. त्या दिवशी आधी गजरा आत आली, मग गौर.

"ठकू, मुद्दाम केलंस का गं?" असं तिला पुढे पुष्कळांनी विचारलं. "मला आंधळीला कुठं काय दिसतंय?" एवढंच ती म्हणायची.

आजही वेळूसऱ्यात गौरीची पावलं दोनदा काढतात. पहिली देवघरातून बाहेर जाणारी, त्यांना ठकूची पावलं म्हणतात. त्यांच्यामागून वेशीपर्यंत जायचं आणि चारी वाटांना हाक घालायची, "भाईर कोन ऱ्हायलंय का गं?" त्यानंतरच आत येणारी पावलं काढायची. ही हाक घरातल्या बापानंच घालायची असते. आईनं घातलेली चालत नाही.